‘आत येऊ नये, ही विनंती’: रोबॉट्स.टीएक्सटीची गोष्ट

घराण्याचा कुलवृत्तांत संकेतस्थळावर चढवायचा, लिंक फक्त नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायची आणि गुगलला सुगावा लागू नये म्हणून ‘रोबॉट्स.टीएक्सटी’ नावाची फाइल ठेवून निर्धास्त व्हायचं, असं करणारे बरेच असतात. त्यात जन्मतारखा असतात, पत्ते असतात, आईचं माहेरचं आडनावही असतं (पासवर्ड विसरलात की काही बँका नेमकं तेच विचारतात!). पण ही फाइल मुळात लपवाछपवीसाठी जन्मालाच आली नव्हती.

जून १९९३मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मॅथ्यू ग्रे यांनी वेबचा पसारा मोजण्यासाठी ‘वाँडरर’ नावाचा प्रोग्रॅम सोडला. एका लिंकवरून दुसरीवर आपोआप भटकणाऱ्या अशा प्रोग्रॅमना ‘रोबॉट’ म्हणू लागले. तेव्हाचे सर्व्हर अशक्त आणि लाइनी बारीक. एखादा रोबॉट धडाधड पानं मागत सुटला की सर्व्हर मान टाकायचा. तक्रार होती ती या जाचाची.

इंग्लंडमधल्या नेक्सर कंपनीतले मार्टाइन कोस्टर यांच्या सर्व्हरवर असाच एक रोबॉट आदळला. तो आपलाच होता, असं पुढे विज्ञानकथालेखक झालेले चार्ल्स स्ट्रॉस सांगतात. फेब्रुवारी १९९४मध्ये कोस्टर यांनी तोडगा सुचवला: संकेतस्थळाच्या मुळाशी एक साधी फाइल ठेवावी आणि रोबॉटने आधी ती वाचावी. तिचं पहिलं नाव ‘रोबॉट्सनॉटवाँटेड.टीएक्सटी’ होतं. पण सगळ्या प्रणालींवर चालेल आणि लक्षात राहील असं आटोपशीर नाव हवं होतं. ३० जून १९९४ला सहमतीचा मसुदा ठरला. मजकूर दोन ओळींचा:

यूजर-एजंट: *
डिसअलाउ: /खासगी/

म्हणजे कोणीही असा, ‘खासगी’ फोल्डरमध्ये शिरू नका. हा नियम कोणी सक्तीने राबवणार नाही आणि सगळे रोबॉट तो पाळतीलच याची हमी नाही, असं त्या मसुद्यातच लिहून ठेवलं होतं. मोठ्या सर्च इंजिनांनी तो बहुतांशी पाळला आणि त्यामुळेच लोकांना ती पाटी म्हणजे कुलूप वाटू लागली.

गंमत अशी की ही फाइल कोणालाही उघडून वाचता येते. म्हणजे ‘इथे बघू नका’ असं जिथे लिहिलंय, ती जागा तुम्ही स्वतःच दाखवून देता. २००३मध्ये व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावरच्या या फाइलमध्ये ‘इराक’ शब्द असलेली कितीतरी फोल्डरं वगळलेली सापडली आणि गदारोळ झाला. शोधात एकच मजकूर दोनदा येऊ नये म्हणून तसं केलं, असा खुलासा आला. खरं कारण काहीही असो, यादी जगासमोर आली ती आली.

दुसरी गफलत जास्त त्रासदायक आहे. पान निकालांतच येऊ नये यासाठी ‘नोइंडेक्स’ ही वेगळी खूण १९९६च्या सुमारास आली. ती पानाच्या आत असते. रोबॉट्स.टीएक्सटीने दारातच अडवलं तर रोबॉटला ती खूण दिसणार कशी? मग दुसऱ्या कोणी त्या पानाची लिंक दिली असेल तर मजकुराविना नुसता पत्ता निकालांत झळकू शकतो. दोन्ही उपाय एकदम करणारा माणूस दुप्पट सुरक्षित होत नाही, पहिल्याने दुसरा निकामी करतो. काहींनी ‘नोइंडेक्स’ची ओळ थेट रोबॉट्स.टीएक्सटीत घालायला सुरुवात केली होती. १ सप्टेंबर २०१९पासून गुगलने ती मानणं बंद केलं.

खरं कुलूप वेबकडे सुरुवातीच्या काळापासून आहे: पासवर्ड. मे १९९६मध्ये छापल्या गेलेल्या एचटीटीपी १.०च्या (वेबवर पानं मागण्या-पाठवण्याच्या नियमांच्या) दस्तऐवजात त्याची साधी पद्धत दिलेली आहे. पासवर्ड जवळजवळ उघडाच तारेवरून जायचा, त्यामुळे एचटीटीपीएस, म्हणजे सगळा मजकूर सांकेतिक करून पाठवणारी पद्धत, सर्वत्र होईपर्यंत तेही कुलूप तकलादूच होतं. कोस्टर यांचा नियम अधिकृत मानक व्हायला तर सप्टेंबर २०२२ उजाडलं. हे नियम म्हणजे प्रवेशाची परवानगी देण्या-नाकारण्याची व्यवस्था नव्हे, असं त्या मानकाच्या दस्तऐवजात, म्हणजे आरएफसी ९३०९मध्ये, स्पष्ट म्हटलंय. लेखकांत कोस्टरही आहेत.

राहिला ‘लिंक कोणाला माहीतच नाही’ हा आधार. फेब्रुवारी २०२०मध्ये व्हॉट्सअॅपच्या खासगी ग्रुपांच्या आमंत्रण-लिंका गुगलवर सापडू लागल्या, कारण लोकांनी त्या कुठे ना कुठे उघड्यावर टाकल्या होत्या. शिवाय आता एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र घेतलं की डोमेनचं नाव सहसा सार्वजनिक नोंदवहीत चढतं. ३० एप्रिल २०१८नंतर दिलेल्या प्रमाणपत्रांसाठी क्रोम तशी नोंद मागतं. ‘कुलवृत्तांत’ नावाचं सबडोमेन उघडा, कोणालाही सांगू नका आणि सर्व्हरची लॉग फाइल, म्हणजे कोणी काय मागितलं याची नोंद, पाहत बसा. वर्डप्रेस हे संकेतस्थळ चालवायचं सॉफ्टवेअर बसवलेलंही नसतं, तरी कोणीतरी त्याचं लॉगिन पान मागायला येऊन गेलेलं दिसतं.