विश्व पसरतंय हे ठरलं कसं, आणि त्यात कल्याण-कोलाबा कुठून आलं

हबल टेन्शन (विश्व पसरण्याच्या वेगाचे दोन आकडे जुळत नाहीत ते), डार्क एनर्जी (पसरणं वाढवणारी, अजून न उलगडलेली ऊर्जा) कमी होतेय का, अशा बातम्या अधूनमधून येतात आणि लगेच ग्रुपवर कोणीतरी टाकतं की बिग बँग, म्हणजे विश्व एका तापलेल्या, दाट अवस्थेतून सुरू झालं हा सिद्धांत, खोटा ठरला. तसं काही झालेलं नाहीये. पण भांडण नेमकं कशावरून आहे ते कळायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं, आणि गंमत म्हणजे त्यातला एक महत्त्वाचा अंक आपल्या मुंबईतून खेळला गेला.

1917 मध्ये आइनस्टाइनने जनरल रिलेटिव्हिटी (त्याचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत) अख्ख्या विश्वाला लावून बघितली तर विश्व काही केल्या स्थिर राहीना. तेव्हा सगळ्यांचीच समजूत होती की विश्व आहे तसंच असतं, मग त्याने समीकरणात एक जादा स्थिरांक घातला आणि विश्वाला थांबवलं. हे विश्व बंदिस्त होतं, म्हणजे मर्यादित पण कुठेही कड नसलेलं. 1922 मध्ये रशियात अलेक्झांडर फ्रीडमान या गणितज्ञाने दाखवलं की हा अट्टहास कशाला, पसरणारं विश्वसुद्धा त्याच समीकरणांत बसतं. आइनस्टाइनने आधी त्याचं गणित चुकलंय असं छापलं आणि पुढच्या वर्षी मागे घेतलं. फ्रीडमान बिचारा 1925 मध्ये टायफॉइडने गेला, वय फक्त 37.

तिकडे अमेरिकेत निरीक्षणं चालू होती. हेन्रिएटा लेविटने 1912 मध्ये सेफिड ताऱ्यांचा नियम दिला, की ज्याला उजळून-मंदावून परत उजळायला जास्त दिवस लागतात तो तारा मुळातच जास्त तेजस्वी, म्हणजे लांबची अंतरं मोजायला पट्टीच मिळाली. व्हेस्टो स्लायफरला दिसलं की बहुतेक दीर्घिकांचा (गॅलेक्सींचा) प्रकाश लालीकडे सरकलाय, त्या आपल्यापासून लांब जातायत. या दोन गोष्टी जोडून एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञाने 1929 मध्ये सांगितलं की दीर्घिका जितकी लांब तितका तिचा वेग जास्त. पण हेच जॉर्ज लमेत्र या बेल्जियन धर्मगुरूने 1927 मध्येच लिहिलं होतं, फ्रेंचमध्ये, ब्रसेल्सच्या एका फारसं कोणी न वाचणाऱ्या जर्नलमध्ये, आणि आइनस्टाइनने त्याला गणित बरोबर पण फिजिक्स भयंकर म्हणून वाटेला लावलं. 1931 मध्ये इंग्रजी भाषांतर निघालं तेव्हा वेगाच्या आकड्याचा भाग लमेत्रने स्वतःच गाळला, जुनं झालं म्हणून! शेवटी 2018 मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून त्या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणा असं ठरवलं. उशिरा का होईना.

आता खरी मजा. हबलचा आकडा होता साधारण 500, म्हणजे एक मेगापार्सेक (32.6 लाख प्रकाशवर्षं) अंतर वाढलं की वेग सेकंदाला 500 किलोमीटरने वाढतो. यावरून उलटं गणित केलं तर विश्वाचं वय जेमतेम 200 कोटी वर्षं येतं, आणि पृथ्वी त्याहून म्हातारी आहे हे कळायला लागलं होतं. आईपेक्षा मुलगी मोठी. या अडचणीतून 1948 मध्ये फ्रेड हॉईल, बॉन्डी आणि गोल्ड यांचा स्थिर स्थिती सिद्धांत आला, की विश्व पसरतंय हे मान्य पण त्याला सुरुवात नाही, जागा वाढते तसं अगदी थोडं थोडं नवीन द्रव्य तयार होत राहतं आणि एकंदर चित्र कायम सारखंच. बिग बँग हे नावही हॉईलनेच 1949 मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना दिलं. 1952 मध्ये बाडेने अंतराची पट्टीच चुकलीय हे दाखवलं, अंतरं दुप्पट झाली, वयाची अडचण सैल झाली, पण तोवर दोन तट पडले होते.

हॉईलचा केंब्रिजमधला विद्यार्थी म्हणजे आपले जयंत नारळीकर. 1961 मध्ये केंब्रिजच्याच मार्टिन राइलने रेडिओ स्रोतांची (आकाशातून रेडिओ लहरी सोडणाऱ्या वस्तूंची) मोजदाद करून स्थिर स्थिती संपली असं जाहीर केलं तेव्हा हॉईलसोबत त्याला उत्तर द्यायला हा कोल्हापुरात जन्मलेला बावीस वर्षांचा पोरगा उभा राहिला. पुढे 1972 मध्ये ते मुंबईत आले, कोलाब्याच्या नेव्ही नगरात टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. (मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवून बक्षीस पटकावलं ते याच काळात.)

आणि त्याच टीआयएफआरमध्ये गोविंद स्वरूप यांचा रेडिओ खगोलशास्त्राचा ग्रुप होता! त्यांनी 1965 मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या 32 छोट्या डिश कल्याणला मांडून सूर्याचं निरीक्षण सुरू केलं होतं. आज कल्याण म्हटलं की फास्ट लोकलची मारामारी आठवते, पण भारतातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींचा प्रवास तिथून सुरू झाला. मग 1970 मध्ये उटीला डोंगराच्या उतारावर 530 मीटर लांब दुर्बीण उभी केली, उतार असा निवडला की दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहावा. चंद्र एखाद्या रेडिओ स्रोतासमोरून जाताना सिग्नल कसा कमी होत जातो यावरून त्या स्रोताचा आकार काढायचा, ही युक्ती. असे शेकडो स्रोत मोजून स्वरूप आणि विजय कपाही यांनी 1975 मध्ये दाखवलं की जुने, लांबचे स्रोत जवळच्यांसारखे नाहीत, विश्व काळानुसार बदलत आलंय. म्हणजे स्थिर स्थितीच्या विरोधातला पुरावा, नारळीकरांच्याच संस्थेतून. मला तर हा आपल्याकडच्या विज्ञानातला सगळ्यात छान प्रसंग वाटतो, एकाच छताखाली उलटसुलट बाजू.

अर्थात तोवर मोठा फटका बसून गेला होता. 1965 मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना अँटेनात सगळीकडून सारखीच खरखर ऐकू आली, आधी कबुतरांच्या विष्ठेवर संशय घेतला, ती साफ केली तरी खरखर तशीच. ती होती विश्वाच्या तापलेल्या बालपणाची उरलेली ऊब, आजच्या मापाने 2.7 केल्विन. नारळीकरांनी तरीही हार मानली नाही, 1993 मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्यासोबत सुधारित सिद्धांत मांडला. बहुतेकांना तो पटला नाही, पण प्रवाहाविरुद्ध कोणीतरी गणितासकट उभं राहणं मला तरी गरजेचं वाटतं.

विश्व आइनस्टाइनच्या विश्वासारखं वळलेलं की सपाट, याचं उत्तरही याच उबेतून आलं. अंटार्क्टिकावर सोडलेल्या बूमरँग नावाच्या बलूनने त्या उबेतल्या डागांचे कोन मोजले. विश्व आत वळलेलं असतं तर डाग मोठे दिसले असते, बाहेर वळलेलं असतं तर लहान. 2000 मध्ये उत्तर आलं, साधारण एक अंश, म्हणजे सपाट. शाळेतल्या भूमितीसारखं, त्रिकोणाचे कोन 180. सपाट म्हणजे पापडासारखं नव्हे हां, तीन मितींतलीच जागा, फक्त वक्रता नाही. आणि सपाट म्हणून ते अनंतच असेल असंही सिद्ध होत नाही. नंतर प्लँक यानाच्या मापांनी हे पक्कं केलं, वय निघालं 1380 कोटी वर्षं.

मधेच 1998 मध्ये सुपरनोव्हांनी (स्फोट होऊन फुटणाऱ्या ताऱ्यांनी) सगळ्यांना गार केलं, पसरण्याचा वेग मंदावायच्या ऐवजी वाढतोय! आइनस्टाइनने विश्व थांबवायला घातलेला आणि पुढे टाकून दिलेला स्थिरांक डार्क एनर्जी म्हणून परत आला आणि 2011 चं नोबेलही मिळालं. दीर्घिकांचा नकाशा करणाऱ्या डेसी प्रकल्पाच्या 2024 आणि 2025 च्या निकालांत संकेत आहेत की ती ऊर्जा काळाबरोबर बदलत असावी, पण संकेतच, शिक्का नाही.

आणि हबल टेन्शन म्हणतात ते हेच, की प्लँकच्या उबेवरून पसरण्याचा आकडा येतो 67.4 आणि सेफिड-सुपरनोव्हावरून साधारण 73. हबलचा 500 आठवला तर हा फरक किरकोळ वाटेल, पण दोन्ही मापं आता इतकी बारीक झालीत की चूक म्हणून सोडून देता येत नाही. त्यात खगोलशास्त्रज्ञ वेंडी फ्रीडमन (त्या रशियन फ्रीडमानशी काही संबंध नाही) वेगळ्या ताऱ्यांवरून मोजतात तर आकडा येतो 70 च्या आसपास, बरोब्बर मधोमध, त्यामुळे दोन्ही बाजूंना आपलंच खरं म्हणायची सोय आहेच.