आरसी जेट उडवायचंय? आधी काट्यावर ठेवा : नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रं

परभणीच्या मोंढ्यात एका भुसार दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आम्ही मित्राचं आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, जेट ठेवलं होतं. फोमचं, ७० मिलिमीटरच्या इलेक्ट्रिक पंख्याचं. बॅटरीशिवाय वजन भरलं १ किलो ६२० ग्रॅम. गडी खूश. मग पोटात सहा सेलची बॅटरी सरकवली आणि आकडा गेला २ किलो १९० वर. दुकानदाराने विचारलं, "काय भावानं द्यायचं?"

आम्ही हसलो खरे, पण २ किलोच्या वरच्या त्या १९० ग्रॅमनी अर्जाची वाटच बदलली होती.

ड्रोन म्हणजे चार पंख्यांचं यंत्र, आपल्या विमानाला हे नियम लागू नाहीत, असा बऱ्याच हौशी मंडळींचा समज आहे. तो सोडून द्या. २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू झालेल्या ड्रोन नियमांत विमान हा वेगळा प्रकारच दिलेला आहे. २५ किलोपर्यंतचं, हौस, शिक्षण किंवा चाचणीसाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवलं जाणारं यंत्र त्यात 'मॉडेल' म्हणून गणलं जातं. मॉडेलला मोठी सवलत एकच : टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या बनावटीची तपासणी होऊन मिळणारं प्रमाणपत्र, लागत नाही. घरी बनवणाऱ्याला ते परवडलंही नसतं. बाकी नोंदणी आहेच.

वजन धरायचं ते उडतानाचं, बॅटरी किंवा इंधनासकट. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, पुढे २५ किलोपर्यंत स्मॉल. मायक्रो मॉडेल निव्वळ हौसेसाठी उडवत असाल तर रिमोट पायलट प्रमाणपत्र, म्हणजे उडवणाऱ्याचा परवाना, लागत नाही. २ किलोच्या वर गेलात की लागतं. म्हणून मित्राने शेवटी २२०० एमएएच क्षमतेची लहान बॅटरी बसवली. उड्डाण जेमतेम तीन मिनिटांवर आलं, पण काटा १ किलो ९८० वर थांबला. माझ्या मते नव्या माणसाने हाच हिशेब आधी करावा आणि मग विमान निवडावं. खऱ्या टर्बाइनच्या जेटला ही पळवाट नाही, ते सहज आठ-दहा किलोंवर जातं.

नोंदणी

नोंदणी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, पोर्टलवर होते. पूर्वी हे काम डिजिटल स्काय या पोर्टलवर चालायचं, आता ते ईजीसीए या पोर्टलवर आलंय. अर्ज डी-२ नमुन्यात, शुल्क १०० रुपये. मंजूर झाला की विमानाला यूआयएन, म्हणजे स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. ओळख आणि पत्त्याच्या पुराव्याला मतदान कार्ड किंवा वाहन परवाना चालतो, पासपोर्टची अट आता राहिलेली नाही. आधारला जोडलेला मोबाइल हाताशी ठेवा.

खरी अडचण येते ती अनुक्रमांकांची. विमानाचा, आतल्या कंट्रोलरचा (उड्डाण सांभाळणाऱ्या सर्किटचा) आणि हातातल्या रिमोटचा, असे तिन्ही क्रमांक यूआयएनला जोडले जातात. कंट्रोलरचं स्टिकर विमानाच्या पोटात असतं आणि फोमला एकदा डिंक लावला की ते दिसत नाही. एकाने त्यासाठी नवंकोरं विमान ब्लेडने कापलेलं मी पाहिलंय. जोडणीआधीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे कंट्रोलर किंवा रिमोट बदलला तर तोही पोर्टलवर नोंदवायचा असतो.

तयार विमान परदेशातून मागवताना जपून. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुटे केलेले पूर्ण संचही त्यात आले, आणि कस्टममध्ये तुमचं जेट ड्रोन म्हणून अडकू शकतं. सुट्या घटकांना मोकळीक आहे.

२ किलोच्या वर

रिमोट पायलट प्रमाणपत्रासाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि डीजीसीएमान्य संस्थेतलं प्रशिक्षण. परीक्षा पास झालात की संस्थाच पुढची कारवाई करते, प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : "विमान शिकवता का?" प्रमाणपत्र प्रकार आणि वजनानुसार मिळतं. फवारणीच्या ड्रोनवर शिकून मिळालेला कागद जेटला चालणार नाही.

थर्ड पार्टी विमा नॅनो सोडून सगळ्यांना बंधनकारक आहे, मायक्रोलाही. नियम मोडल्यास दंड १ लाख रुपयांपर्यंत.

कुठे उडवायचं

ड्रोनसाठीच्या सरकारी ऑनलाइन नकाशावर ठिकाण हिरवं दिसलं तर ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. चालू विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट, आणि ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. म्हणजे चिकलठाणा किंवा नांदेड विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी गाडी काढून लांबचं माळरान गाठावं. नकाशा त्याच दिवशी सकाळी बघा. पोलीस एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल, म्हणजे उड्डाणाला बंद, करू शकतात.

जागा मुरमाड हवी. काळ्या रानात जेटची सुपारीएवढी चाकं रुततात. शेतमालकाची लेखी संमती घ्या, पोलीस पाटलांनाही आधी सांगा. हे कुठल्या नमुन्यात नाही, पण २०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन दिसल्याच्या बोभाट्याने आपल्याकडची गावंच्या गावं जागी होती, ते लोक विसरलेले नाहीत.

अपघात झाला तर ४८ तासांत पोर्टलवर कळवायचं. विमान विकलं तर नाव बदलायला, आणि कायमचं मोडलं तर नोंदणी रद्द करायला डी-३ नमुना आहे.