गिअरचा खटका आणि चकत्यांमधले अंतर

सायकलीचा गिअर बदलणारा एका कंपनीचा शिफ्टर दुसऱ्या कंपनीच्या कॅसेटवर, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचावर, चालेल का, हा प्रश्न १९८४ पूर्वी सहसा कोणाला पडत नसे. तेव्हाचे शिफ्टर केवळ घर्षणाच्या जोरावर जागच्या जागी राहत. स्वार तरफ हलवी, साखळी चकतीवर नीट बसली की नाही हे कानाने ओळखी आणि खरखर उरलीच तर तरफ किंचित मागेपुढे करी. दोन चकत्यांमधल्या अंतराचा हिशेब बोटांत होता, यंत्रात नव्हता.

१९८४ मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने आपल्या ड्यूरा-एस या गिअरच्या संचात सहा चकत्यांसाठी खटक्यांचा शिफ्टर आणला आणि तो हिशेब यंत्रात गेला. खटक्यांचे प्रयोग त्याआधीही झाले होते. मात्र सनटूर या कंपनीने १९६४ मध्ये काढलेल्या तिरक्या समांतरभुज डिरेलरचे (डिरेलर म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) पेटंट नेमके याच सुमारास संपले आणि साखळीला चकत्यांच्या उतारालगत नेणारी ती रचना शिमानोला वापरता आली.

खटका पडतो तेव्हा केबल ठरावीक लांबीने ओढली जाते आणि डिरेलर ती ओढ ठरावीक पटीने वाढवून साखळी आडवी सरकवतो. हा गुणाकार चकत्यांच्या मध्यांतराइतका, म्हणजे एका चकतीच्या मध्यापासून शेजारच्या चकतीच्या मध्यापर्यंतच्या अंतराइतका, आला पाहिजे. शिमानोच्या आठ गिअरच्या बहुतेक संचांत ओढ २.८ मिमी आणि पट सुमारे १.७, म्हणजे ४.७६ मिमी, कॅसेटचे मध्यांतर ४.८ मिमी. पुढे जवळपास तेवढ्याच रुंदीत चकत्या वाढत गेल्या, तसे हे मध्यांतर नऊ गिअरला ४.३५ आणि दहा गिअरला ३.९५ मिमीवर आले. इटलीच्या कॅम्पान्योलो कंपनीने मात्र आपली मापे वेगळी ठेवली: आठला ५, नऊला सुमारे ४.५५, दहाला सुमारे ४.१५. त्यामुळे दोन्ही कॅसेटवर ‘नऊ गिअर’ लिहिलेले असले तरी एकीचा शिफ्टर आणि डिरेलर दुसरीवर लावला की प्रत्येक खटक्याला ०.२ मिमीची चूक होते आणि आठ खटक्यांत ती १.६ मिमीवर जाते. मधल्या चकतीवर जुळवून घेतले, तरी दोन्ही टोकांना साखळी कुरकुरतेच.

खरी गुंतागुंत, माझ्या मते, मध्यांतरापेक्षा ओढीने वाढवली. शिमानोच्याच ड्यूरा-एसच्या ७४०० मालिकेची ओढ कंपनीच्या इतर संचांशी जुळत नव्हती. २०१० च्या सुमारास डोंगरी सायकलींचे दहा गिअरचे संच आले, तेव्हा कॅसेटचे मध्यांतर रस्त्याच्या सायकलींइतकेच राहिले, पण ओढ सुमारे २.३ वरून ३.४ मिमी झाली. स्रॅम या अमेरिकी कंपनीने तर आधीच केबलची ओढ आणि साखळीची सरक जवळपास समान ठेवणारी पद्धत घेतली होती. ओढ जास्त असली की केबलमधल्या घाणीची किंवा ढिलाईची चूक कमी पटीने वाढते, हे त्यामागचे कारण.

या विसंगतीतूनच हौशी सायकलस्वारांना काही अनपेक्षित जोड्या गवसल्या. कॅम्पान्योलोच्या दहा गिअरच्या नव्या शिफ्टरची ओढ सरासरी २.८ मिमीच असल्याने तो शिमानोच्या डिरेलरसह शिमानोच्या आठ चकत्यांच्या कॅसेटवर जवळजवळ अचूक चालतो; दोन खटके तेवढे वाया जातात. जिथे असा योग नव्हता तिथे कोणी केबल डिरेलरच्या बोल्टच्या दुसऱ्या बाजूने घेतली, म्हणजे तरफेची लांबी आणि पर्यायाने पट थोडी बदलते. जेटेक या कंपनीने तर दोन वेगळ्या व्यासांच्या खाचांची छोटी पुली काढली, जी केबलच्या वाटेत बसून ओढ हव्या त्या प्रमाणात कमी-जास्त करते.

पहिल्या खटकेदार तरफांवर खटके बंद करून पुन्हा घर्षणावर जाण्याची सोय शिमानोने ठेवलेली होती. १९९० मध्ये शिफ्टर ब्रेकच्या मुठीत गेला आणि ती सोय तिथे राहिली नाही.