चॉकबॉल

चॉकबॉल हा हँडबॉलच्या जवळचा पण धक्काबुक्की अजिबात नसलेला खेळ, स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाचे डॉ. हर्मन ब्रँट यांनी तयार केलेला. त्यांच्याकडे खेळताना दुखापत झालेले खेळाडू उपचाराला यायचे, आणि बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की बऱ्याच दुखापतींचं मूळ एकतर शरीराला न झेपणाऱ्या हालचालींत आहे नाहीतर समोरच्याच्या आक्रमकपणात. मग त्यांनी सांघिक खेळांचा शास्त्रीय अभ्यास लिहून काढला, त्यातूनच हा खेळ निघाला. त्या अभ्यासाला 1970 मध्ये थुलिन पारितोषिक (शारीरिक शिक्षणावरच्या अभ्यासासाठीचं) मिळालं, आणि 1971 ला चॉकबॉलचं आंतरराष्ट्रीय फेडरेशनही उभं राहिलं. ब्रँट मात्र 1972 लाच गेले, खेळ जगभर पसरलेला काही त्यांना बघायला मिळाला नाही.

कोर्टाच्या दोन्ही टोकांना एक मीटर बाय एक मीटरची, ताणलेली जाळी लावलेली तिरकी फ्रेम असते, छोटी ट्रॅम्पोलिनच म्हणा. तिच्यासमोर 3 मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ, त्यात पाय टाकायचा नाही. प्रत्येक टीमचे 7 जण. बॉल फ्रेमवर मारायचा, तो उसळून अर्धवर्तुळाबाहेर पण कोर्टाच्या आत पडला आणि समोरच्यांना झेलता आला नाही की पॉइंट. फ्रेम चुकली किंवा बॉल अर्धवर्तुळातच पडला तर पॉइंट समोरच्या टीमला, म्हणजे नुसती ताकद लावून भागत नाही, अँगल जमायला लागतो. आणि कुठलीच फ्रेम कोणा एका टीमची नाही, दोन्ही टीम दोन्ही फ्रेमवर मारू शकतात! बॉल हातात 3 सेकंद, 3 पावलं, शॉटच्या आधी जास्तीत जास्त 3 पास.

खरी गंमत पुढे आहे. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना अडवायचं नाही, पास मधेच तोडायचा नाही, शॉट मारणाऱ्यासमोर आडवं उभं राहायचं नाही. बाकी खेळांत धक्का मारला की फाउल देतात, इथे धक्का मारायचं कारणच काढून टाकलंय. कबड्डी बघत मोठं झालेल्या माणसाला हे जरा मिळमिळीत वाटेल, पण समोरची टीम रिकामी बसलेली नसते, शॉट सुटायच्या आधीच बॉल कुठे उसळेल याचा अंदाज घेत पळत असते आणि झेलासाठी जमिनीवर सूर मारते. त्यामुळे गुडघे-कोपरं खरचटतात, तेवढं चालायचंच.

तैवानमध्ये हा खेळ खूप जोरात आहे, तिथल्याच काओश्युंग शहरात 2009 ला झालेल्या वर्ल्ड गेम्समध्ये (ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळांची जागतिक स्पर्धा) तो निमंत्रित खेळ म्हणून होता. भारतातही खेळला जातो.