हद्दीच्या खुणा

शेत, भूखंड किंवा गाव नेमके कुठे संपते हे जागेवर दाखवणाऱ्या कायम खुणा. महाराष्ट्रात कोपऱ्यांवरचे दगड, मातीचे बुरूज आणि बांध या नेहमीच्या खुणा आहेत. विदर्भात बांधाला धुरा म्हणतात, कोकणात चिऱ्यांचा किंवा धोंड्यांचा गडगा रचतात, देशावर निवडुंग नाहीतर शेराची ओळ लावतात.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमेवर वड, पिंपळ, पळस यांसारखी झाडे लावायला सांगितले आहे. त्याहून लक्षवेधक आहेत गुप्त खुणा: हाडे, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसा अशा, जमीन लवकर खाऊन टाकत नाही त्या वस्तू सीमेखाली पुराव्यात. उघडी खूण कोणीतरी हलवणार, हे तेव्हाही गृहीत होते. पुढे मराठी मुलखात शिवेच्या तंट्यात गावच्या महारांची साक्ष मोलाची मानली जाई.

आजच्या खुणांचा पाया गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू केलेल्या मोजणीत आहे. ती 33 फुटी साखळीने होई. 33 फूट लांब-रुंद चौकोन म्हणजे एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. मोजणीची मापे टिपणात, म्हणजे मोजणीच्या नोंदपत्रात, उतरत आणि जागेवर खुणा उभ्या राहत.

कागद आणि दगड एकमेकांशिवाय लंगडे आहेत. हद्द कायम मोजणीत, म्हणजे जागेवर हद्द ठरवून देणाऱ्या मोजणीत, भूकरमापक (सरकारी मोजणीदार) आधी जुन्या, शाबूत खुणा शोधतो आणि त्यांच्यावरून नकाशा जागेवर बसवतो. तीन-चार खुणा खात्रीच्या निघाल्या तर हरवलेला कोपराही सापडतो. एकही नसेल तर लांबच्या गटांपासून मापे आणावी लागतात आणि तिथेच वाद वाढतो. जीपीएस रोव्हरने, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणाऱ्या फिरत्या यंत्राने, मोजणी झपाट्याने होते, पण जुना नकाशा जमिनीशी जुळवायला या खुणा अजूनही लागतात.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार खुणा सुस्थितीत ठेवणे ही जमीनधारकाची जबाबदारी आहे, आणि त्या जाणूनबुजून नष्ट करणाऱ्याला दंड होतो. तरी दगड उपटण्यापेक्षा बांध कोरणेच अधिक चालते. दरवर्षी नांगराचे एखादे तास बांधात घुसते, दोन हातांचा बांध वीतभर उरतो. यातली वाईट गोष्ट अशी की एका वर्षाची चोरी डोळ्यांना दिसत नाही. तक्रार होते तेव्हा बांधावरची बाभळ शेजाऱ्याच्या पिकात उभी असते.