टेपवर उरलेलं घड्याळ

जुन्या रॉक मैफलीच्या टेपा कुठल्यातरी गोदामात सापडतात, काही वर्षांनी त्यांची नवी आवृत्ती निघते आणि बातमीत एक ठरलेलं वाक्य येतं: आधुनिक तंत्रज्ञानाने आवाज पूर्वीपेक्षा कितीतरी सुंदर केला. हल्ली ‘तंत्रज्ञान’ या शब्दाच्या जागी ‘एआय’ असतं. वाचणाऱ्याचा समज होतो की मूळ टेपवर जे नव्हतंच, ते संगणकाने तयार करून त्यात भरलं. हा समज मला फार खटकतो, कारण या क्षेत्रातलं सर्वांत सुंदर काम नेमकं याच्या उलट आहे. तिथे आवाजात बाहेरून काहीच घातलं जात नाही. टेपवर पहिल्या दिवसापासून पडून असलेली, पण कोणी वाचलीच नव्हती अशी एक खूण वाचली जाते, आणि तिच्या आधाराने यंत्राने केलेली मोडतोड उलटवली जाते.

उदाहरण घेऊ. ८ मे १९७७ रोजी ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडची मैफल न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका इथे, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झाली. बेटी कँटर-जॅक्सन यांनी ती रिळांवर ध्वनिमुद्रित केली. प्रेक्षकांत माइक उभा करून नव्हे, तर मंचावरच्या माइकांचा आणि वाद्यांचा सिग्नल थेट घेऊन. पुढे गोदामाचं भाडं थकलं आणि १९८६ मध्ये त्यांच्या सामानाचा लिलाव झाला. त्यात अशी कितीतरी रिळं वेगवेगळ्या हातांत गेली. चाहत्यांमध्ये या मैफलीच्या नकला आणि नकलांच्या नकला वर्षानुवर्षं फिरत राहिल्या. तिची कीर्ती एवढी झाली की अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ सालच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत तिची निवड केली, तेव्हा तिची अधिकृत आवृत्ती निघालेलीसुद्धा नव्हती. मूळ रिळं बँडच्या संग्रहात परत आली आणि २०१७ मध्ये, चाळीस वर्षांनी, ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली. त्या आवृत्तीसाठी टेपच्या वेगातले दोष काढण्याचं काम प्लँजंट प्रोसेसेस या पद्धतीने झालं. जेमी हॉवर्थ यांनी उभी केलेली ही पद्धत हाच या लेखाचा विषय आहे.

ती समजायला आधी टेपवर आवाज उमटतो कसा, हे पाहावं लागेल. टेप म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पट्टी. तिच्यावर डिंकासारख्या द्रव्यात बसवलेले लोहाच्या ऑक्साइडचे सुईसारखे कण असतात, एक मायक्रोमीटरपेक्षाही लहान. रेकॉर्डिंग हेड हा एक विद्युतचुंबक असतो आणि त्याला एक अतिशय अरुंद फट ठेवलेली असते. आवाजाचा विद्युतप्रवाह हेडमधून वाहतो, फटीपाशी चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं आणि समोरून सरकणाऱ्या टेपवरचे कण त्यानुसार चुंबकित होतात. इथवर शाळेतल्या पुस्तकातलं झालं.

अडचण अशी की हे कण हट्टी असतात. क्षेत्र दुबळं असेल तर ते जागचे हलत नाहीत. ठरावीक मर्यादा ओलांडली की मात्र एकदम उलटतात. म्हणून हळू आवाज टेपवर जवळजवळ उमटतच नाही आणि मोठा आवाज वेडावाकडा उमटतो. सुरुवातीच्या चुंबकीय ध्वनिमुद्रणाचा आवाज यामुळेच चिरका आणि खरखरीत होता. त्यावरचा उपाय दोनदा सापडला. अमेरिकेत कार्लसन आणि कार्पेंटर यांनी १९२७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, पण त्याचा फारसा उपयोग झाला नाही. १९४० मध्ये जर्मन नभोवाणीच्या वाल्टर वेबर यांच्या हाती तो पुन्हा लागला. एक अँप्लिफायर बिघडून आपोआप आंदोलनं करू लागला आणि त्याच वेळी ध्वनिमुद्रण अचानक स्वच्छ आलं, असं सांगितलं जातं.

उपाय असा: आवाजाच्या सिग्नलमध्ये माणसाला ऐकूच येणार नाही इतक्या वरच्या वारंवारितेचा, पण जोरदार, प्रवाह मिसळायचा. वारंवारिता साधारण १,००,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या आंदोलनांच्या, आसपास. याला बायस म्हणतात. फटीसमोर आलेल्या प्रत्येक कणाला हे क्षेत्र अनेक वेळा इकडून तिकडे उलटवतं, म्हणजे त्याचा हट्ट मोडतं. टेप फटीपासून दूर जाऊ लागली की बायसचा जोर हळूहळू ओसरतो. कण शेवटी ज्या स्थितीत स्थिरावतात, ती त्या क्षणीच्या आवाजाच्या सिग्नलच्या प्रमाणात असते. हळू आवाजही सरळ, प्रमाणबद्ध उमटतो. त्यानंतरचं टेपवरचं सगळं दर्जेदार ध्वनिमुद्रण, रॉकच्या मैफलींसकट, या एका युक्तीवर उभं आहे.

बायसचं काम इथे संपलं असं सगळे समजत होते. तो फक्त मदतनीस होता, टेपवर राहावा अशी कोणाची इच्छा नव्हती. पण त्याचा पुसट माग टेपवर राहतोच. हा माग म्हणजे टेपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणारं एक घड्याळ आहे.

घड्याळ कशाला हवं? कारण टेप कधीही एकसारख्या वेगाने सरकत नाही. तिला ओढतो तो कॅपस्टन, म्हणजे मोटरवर फिरणारा बारीक, गुळगुळीत दांडा. रबरी रोलर टेपला त्याच्यावर दाबून धरतो. समजा दांड्याचा व्यास ६ मिलिमीटर आहे आणि टेपचा वेग सेकंदाला १९.०५ सेंटिमीटर. म्हणजे दांडा सेकंदाला सुमारे दहा फेरे मारतो. तो आपल्या अक्षापासून फक्त ३ मायक्रोमीटर सरकलेला असेल, तर प्रत्येक फेऱ्यात टेपचा वेग ०.१ टक्का वाढतो आणि तेवढाच घटतो. ३ मायक्रोमीटर म्हणजे केसाच्या जाडीचा विसावा भागही नाही.

०.१ टक्का ऐकायला नगण्य वाटतो. हिशोब करून पाहा. ३००० हर्ट्झचा शुद्ध सूर मुद्रित केला, तर वाजवताना तो सेकंदाला दहा वेळा ३ हर्ट्झने वर आणि ३ हर्ट्झने खाली झुलेल. एफएम रेडिओच्या गणिताने पाहिलं तर अशा झुलण्यामुळे मूळ सुराच्या दोन्ही बाजूंना नवे सूर जन्माला येतात, २९९० आणि ३०१० हर्ट्झवर. त्यांचा जोर ठरतो झुलण्याची व्याप्ती भागिले झुलण्याची वारंवारिता, म्हणजे ३ भागिले १०, आणि त्याचं निम्मं. उत्तर ०.१५. प्रत्येक बाजूचा सूर मूळ सुराच्या १५ टक्के! संगीतकाराने न वाजवलेले, वाद्यातून न निघालेले दोन सूर, आणि तेही केसाच्या विसाव्या भागापेक्षा कमी चुकीमुळे. मूळ सूर ६००० हर्ट्झचा असेल तर हे प्रमाण दुप्पट होतं.

आता ड्रमच्या संचातल्या झांजांचा विचार करा. झांजेत शेकडो घटक सूर एकाच वेळी असतात, आणि त्यांतला प्रत्येक घटक आपल्याभोवती अशी पिलावळ घालतो. शिवाय दोष एकच नसतो. रिळांचं ओझं बदलतं, त्यामुळे सावकाश हेलकावे येतात. रोलरचा गोलवा बिघडलेला असतो. टेप हेडवर घासत सरकते, क्षणभर चिकटते आणि सुटते, त्यामुळे तिचा मोकळा तुकडा लांबीच्या दिशेने सेकंदाला काही हजार वेळा थरथरतो. या शेवटच्या थरथरीची पिलावळ वर काढलेल्या १५ टक्क्यांच्या मानाने खूप क्षीण असते, पण ती मूळ सुरापासून हजारो हर्ट्झ दूर, भलत्याच ठिकाणी पडते. संगीत वाढलं की वाढते, थांबलं की थांबते. त्यामुळे कानाला ती वेगळा गोंगाट म्हणून कळतच नाही. आवाजावर धूसर थर चढल्यासारखं वाटतं, वाद्यं एकमेकांत मिसळतात, आणि आपण म्हणतो, ‘जुनं रेकॉर्डिंग आहे, असंच असणार’.

आणि याच ठिकाणी बायस उपयोगी पडतो. बायस निर्माण करणारं मंडल विद्युत आहे, त्यात फिरणारं काही नाही. यंत्राच्या थरथरीच्या मानाने त्याची वारंवारिता क्षणाक्षणाला अतिशय स्थिर असते. मोजपट्टीच्या खुणा ताणलेल्या रबरावर छापल्या तर खुणांमधलं अंतर पाहून रबर कुठे किती ताणलं होतं ते सांगता येतं, तसंच हे आहे. टेप वाजवताना बायसचा माग १,००,००० ऐवजी एका क्षणी १,००,१०० हर्ट्झवर दिसला, तर त्या क्षणी वेगात ०.१ टक्का फरक पडलेला आहे हे निश्चित. मग तो मुद्रण करणाऱ्या यंत्राचा असो की वाजवणाऱ्या, दोघांची बेरीज एकदमच कळते. बायसच्या वारंवारितेचा क्षणोक्षणीचा आलेख काढायचा आणि त्यानुसार संगणकात आवाजाचा कालअक्ष जिथे आक्रसला तिथे पसरायचा, पसरला तिथे आक्रसायचा. सुरांभोवतीची पिलावळ आपल्या मूळ सुरात परत जाते. कुठलीही वारंवारिता कापली जात नाही, कुठलीही वाढवली जात नाही. म्हणूनच मला ही पद्धत नको त्या वारंवारिता कापून टाकणाऱ्या साध्या गाळण्यांपेक्षा श्रेष्ठ वाटते. गाळणी दोषाबरोबर थोडं संगीतही घेऊन जाते.

हा माग वाचणं मात्र सोपं नाही. सेकंदाला १९.०५ सेंटिमीटर वेगाने सरकणाऱ्या टेपवर १,००,००० हर्ट्झच्या एका लहरीची लांबी होते १.९ मायक्रोमीटर. लहरीची लांबी हेडच्या फटीएवढी झाली की फटीच्या आत अर्धी लहर एका दिशेची आणि अर्धी उलट दिशेची येते, दोन्ही एकमेकांना खोडतात आणि हेडला काहीच दिसत नाही. नेहमीच्या हेडची फट यापेक्षा रुंद असू शकते. म्हणून खास अरुंद फटीचं हेड आणि तेवढ्या वरच्या वारंवारितेपर्यंत पोचणारा अँप्लिफायर लागतो. पुढे त्याचं अंकीकरण करायला, म्हणजे सिग्नल ठरावीक क्षणांना मोजून आकड्यांत उतरवायला, सेकंदाला २,००,००० हून जास्त नमुने घ्यावे लागतात. सीडीसाठी ४४,१०० नमुने घेतले जातात आणि त्यातून जास्तीत जास्त २२,०५० हर्ट्झ पकडता येतात. याचा अर्थ असा की सीडीच्या दर्जाची फाइल करून कोणी मूळ टेप टाकून दिली असेल, तर कानाला ऐकू येणारं सगळं वाचलं, पण घड्याळ कायमचं गेलं. नकलेची नक्कलही याचसाठी निरुपयोगी. तिच्यावर बायस असतो तो नक्कल करणाऱ्या यंत्राचा. मूळ यंत्राचे हेलकावे तिच्यात आवाजाचाच भाग होऊन बसलेले असतात. कॉर्नेलच्या मैफलीच्या चाहत्यांकडे इतक्या वर्षांच्या नकला असूनही मूळ रिळांना एवढं मोल होतं ते यामुळे.

बायस नसेल तर दुसऱ्या खुणा शोधल्या जातात. अमेरिकेतल्या विजेचा ६० हर्ट्झचा गुणगुणाट अनेक टेपांवर आलेला असतो. तो सेकंदाला फक्त ६० खुणा देतो, म्हणून सावकाश हेलकावे सापडतात, जलद थरथर निसटते. लोकगायक वुडी गथ्री यांच्या १९४९ च्या, टेपऐवजी धातूच्या तारेवर मुद्रित झालेल्या कार्यक्रमाचा वेग हॉवर्थ आणि न्यू हॅम्पशायर विद्यापीठातले गणितज्ञ केविन शॉर्ट यांनी गणिताने सरळ केला. त्या अल्बमला २००८ मध्ये सर्वोत्तम ऐतिहासिक अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

वेगाचा विषय निघालाच आहे तर ४३२ हर्ट्झच्या खुळाबद्दल बोललं पाहिजे. विश्वाचा नैसर्गिक सूर ४३२ हर्ट्झ आहे, जुने कलाकार त्यातच वाजवायचे, वाद्यं जुळवण्याचा ४४० हा प्रमाण सूर लोकांवर लादला गेला, असे व्हिडिओ पुन्हापुन्हा फिरतात, आणि पुरावा म्हणून जुनी ध्वनिमुद्रणं ऐकवली जातात. वाजवताना टेप १.८ टक्के सावकाश चालली की ४४० चा सूर बरोबर ४३२ ला येतो. रिळाच्या साध्या यंत्रात एवढा फरक पडू शकतो. टेपवरचा सूर खाली आला याचं कारण वाजवणारं यंत्र मंद किंवा मुद्रण करणारं यंत्र जलद होतं, एवढंच असू शकतं. त्यात विश्वाचा काही संबंध नाही. सेकंदाची लांबी माणसाने ठरवली आहे, त्यामुळे ‘सेकंदाला ४३२’ हा आकडा विश्वाला खास असण्याचं कारणही नाही.

एआयबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. यंत्राला हजारो गाणी ऐकवून आवाज आणि वाद्यं वेगळी करायला शिकवता येतं, आणि हे काम खरंच होतं. २०२३ मध्ये बीटल्सचं गाणं निघालं, त्यासाठी जॉन लेनन यांच्या जुन्या कॅसेटमधला गळा पियानोपासून असाच वेगळा केला गेला. मला त्याचा निकाल आवडला. पण तिथे जे मिळतं तो शिकलेल्या नमुन्यांवर आधारलेला अंदाज असतो, आणि बायसवरून जे मिळतं ते मोजमाप. दोन्ही कामं एकाच विशेषणाखाली दडपली की ऐकणाऱ्याला कळत नाही की कानावर पडतंय त्यातलं किती त्या रात्रीचं आहे. शिवाय ज्या गोष्टी कोणीच दुरुस्त करू शकत नाही त्यांबद्दल गप्प राहिलं जातं. माइकसमोर ओरडल्याने आवाज फाटला असेल, प्रेक्षकांतून केलेल्या मुद्रणात सभागृहाचा घुमारा मिसळला असेल, कणांचा थर उडून गेला असेल, तर घड्याळ कितीही अचूक असलं तरी ते परत येत नाही.

थर उडण्याचीच भीती मोठी आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून बनलेल्या अनेक टेपांमधलं डिंकासारखं द्रव्य हवेतली ओल शोषून विघटित होतं. टेप चिकट होते, हेडवर किंचाळत अडकते आणि लोहाचे कण खरवडून सोडते. अशी टेप सुमारे ५४ अंश सेल्सियसला काही तास शेकली की ओल निघते आणि ती वाजवता येते. हा परिणाम तात्पुरता असतो. काही आठवड्यांत ओल परत येऊ लागते. त्या मुदतीत अरुंद फटीचं हेड लावून, सेकंदाला २,००,००० च्या वर नमुने घेऊन टेप एकदा नीट उतरवली, तर वेग नंतर कधीही सरळ करता येतो. त्यासाठी टेप पुन्हा वाजवावी लागत नाही.