लाकूडखाऊ झुरळ : नव्या जातीचे वर्णन

कुजक्या ओंडक्यात राहून लाकूडच खाणाऱ्या झुरळांची अज्ञात जात शास्त्रीय नाव व लक्षणांसह प्रसिद्ध करण्याची पद्धत. भारतातील अशी झुरळे मुख्यतः पॅनेस्थिइनी उपकुलातील (पॅनेस्थिया, साल्गेनिया इ. प्रजाती) असतात. वाळवीचा सख्खा नातलग क्रिप्टोसर्कसही लाकूडखाऊ, पण तो उत्तर अमेरिका व पूर्व आशियातला. कोल्हापूरच्या ओंडक्यात त्याची वाट पाहू नये.

कोल्हापूर जिल्ह्यातले राधानगरी-दाजीपूर हे अभयारण्य असल्याने तिथे पडका ओंडकाही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय फोडता येत नाही. ओंडका लाकडाच्या रेषेच्या दिशेने छिन्नीने उकलावा आणि बोगद्यातले सगळे कुटुंब, म्हणजे नर, मादी व पिल्ले, एकत्र घ्यावे. नुसत्या पिल्लांवरून जात ठरत नाही. डीएनएसाठी एखादा पाय ९५ टक्क्यांहून तीव्र अल्कोहोलमध्ये थंड ठेवतात. अल्कोहोलमधली चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, बॉलपेनची शाई उतरते.

खरे काम सूक्ष्मदर्शकाखाली. नराच्या प्रोनोटमची (डोक्यामागच्या पाठीवरच्या ढालीची) पुढची कड, तिच्यावरची खाच व गाठी, पुढच्या मांडीवरचे काटे, पोटाच्या सातव्या पट्टाचे मागचे कोपरे, शेवटच्या पट्टाच्या कडेचे दाते, हे मोजून मापायचे. फसगत होते ती इथेच. नर लहान असला की प्रोनोटमची खाच व गाठी बुजऱ्या दिसतात, म्हणून एकाच जातीचे लहान-मोठे नर वेगळे वाटू शकतात. पंखांचेही तेच: साल्गेनियाच्या काही जातींत जोडी जमल्यावर नर-मादी एकमेकांचे पंख कुरतडतात. कड फाटकी असेल तर तो आखूड पंख नव्हे, उरलेले थोटूक. म्हणून शक्य तितके नमुने पाहावेत. एकाच नरावर जात उभी करणे धोक्याचे.

जननावयव पाहण्यासाठी पोटाचे टोक कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवतात. जास्त राहिले तर पातळ पडदे विरघळल्यासारखे होऊन आकारच हरवतो. नंतर पाण्याने धुऊन ग्लिसरीनच्या इवल्या कुपीत, त्याच नमुन्याच्या टाचणीला अडकवून ठेवावे. कुपी नमुन्यापासून तुटली की तिचा उपयोग संपला.

सर्वांत वेळखाऊ भाग म्हणजे हे आधीच कुणी नाव दिलेले नाही ना, याची खात्री. झुरळांचे अभ्यासक लुई रॉथ यांनी १९७७ ते १९८२ दरम्यान या उपकुलाची जगभरची फेरतपासणी केली. तिथून सुरुवात करावी. जुने मूळ नमुने बरेचदा युरोपातल्या संग्रहालयांत आहेत, त्यांची छायाचित्रे मागवावी लागतात. जाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा मदत करतो, पण जुन्या नमुन्यांचा डीएनए नसल्यास तुलना कशाशी करणार?

प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेच्या चौथ्या आवृत्तीनुसार (१ जानेवारी २००० पासून लागू) होलोटाइप (ज्या एका नमुन्यावर नाव आधारलेले असते तो) कोणता व तो कुठे ठेवला हे लेखात स्पष्ट लिहावेच लागते. लेख फक्त ऑनलाइन निघत असेल तर झूबँकमधली (प्राण्यांच्या नावांची ऑनलाइन नोंदवही) नोंदणी आधी झालेली आणि तिचा उल्लेख लेखातच असायला हवा. हे राहिले तर नाव ग्राह्यच धरले जात नाही. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या जातीची माहिती व नमुने नेमलेल्या भांडारात द्यावे लागतात. प्राण्यांसाठी ते भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे जातात. होलोटाइप घरच्या पेटीत ठेवू नये.